परदेशची बातमी वाचताना

परदेशातली एखादी बातमी चार ठिकाणी वाचली की आपली खात्री पटते. पण चार ठिकाणी छापली गेली म्हणजे चार जणांनी ती घटना पाहिली, असं होत नाही. या सवयीची किंमत किती मोठी असू शकते, ते आधी सांगतो.

ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत बळकावलं. त्यानंतर १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क गटापुढे, पंधरा वर्षांची एक मुलगी रडत रडत बोलली. नाव फक्त नायिरा. आडनाव सांगितलं नाही. इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून बाळांना इनक्युबेटरमधून काढलं आणि थंड फरशीवर मरायला टाकलं, हे डोळ्यांनी पाहिल्याचं तिने सांगितलं. दूरचित्रवाणीने ते दाखवलं. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी बाळांची ही हकिकत पुन्हा पुन्हा सांगितली. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या अहवालातही हा आरोप आला. जानेवारी १९९१मध्ये अमेरिकी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला संमती दिली. त्या चर्चेतही काही सदस्यांनी याच बाळांचा दाखला दिला होता.

युद्ध झालं. मग १९९२च्या जानेवारीत उघड झालं की ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती, आणि त्या साक्षीमागे हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता. अ‍ॅम्नेस्टीने तर त्याआधीच, १९९१मध्ये, आपलं म्हणणं मागे घेतलं होतं. इराकी फौजेने कुवेतमध्ये केलेले इतर अत्याचार खरेच होते, हे विसरू नका. एक हकिकत टिकली नाही म्हणून सगळंच खोटं ठरवणं, हीही फसगतच.

तेव्हा पहिला प्रश्न विचारा: हे पाहिलं कुणी, आणि त्या माणसाचा यात काय संबंध? बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतं, ते वाचा. लढाई सुदानमध्ये आणि बातमी लंडनहून आलेली असेल, तर ती ऐकीव असण्याची शक्यता धरा. शेजारी बऱ्याचदा रॉयटर्स, एपी किंवा एएफपी अशा वृत्तसंस्थेचं नाव असतं. चार वर्तमानपत्रांत एकाच वृत्तसंस्थेचं नाव दिसलं, तर साक्षीदार एकच समजा. नुसतं ‘सूत्रांनी सांगितले’ एवढंच असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहा.

छायाचित्राचंही तसंच. मे २०१२मध्ये सीरियातल्या हौला इथल्या हत्याकांडाच्या बातमीसोबत बीबीसीने एक छायाचित्र दिलं. ते होतं २००३मधलं, इराकमधलं. चूक कळताच बीबीसीने ते काढलं. मला यातली दुसरी गोष्ट, म्हणजे चूक सुधारणं, जास्त महत्त्वाची वाटते. जिथे चुकीची दुरुस्ती उघडपणे छापली जाते, त्या ठिकाणावर मी अधिक विश्वास ठेवतो. जिथे वर्षानुवर्षं एकही दुरुस्ती दिसत नाही, तिथे मी जपून वाचतो.

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आज दुबईला, मस्कतला, कुवेतला नोकरी करतात. तिकडच्या हल्ल्याची बातमी मोबाइलवर आली, तर ती त्यांच्या आईवडिलांना पाठवण्याआधी एवढं जरूर पाहा: ती कुठून आली, आणि ती सांगणारा तिथे होता का. उत्तर सापडलं नाही, तर कृपा करून पुढे पाठवू नका.