घर विकताना मध्यस्थ कसा निवडावा

बैल विकायचा तर आपण दोन बाजार फिरतो, चार जाणत्यांना विचारतो. घर मात्र बहुतेकांना जन्मात एकदाच विकावे लागते. मुलगा शहरात स्थायिक होतो, गुरुजी निवृत्त होऊन मूळ गावी परततात, आणि तालुक्याचे घर विकायचे ठरते. मग दारात एजंट येतो. आपण त्याला दलाल म्हणतो, तेही जरा नाक मुरडूनच. तसे कारण नाही. खरे गिऱ्हाईक शोधणे, दोन्ही पक्षांना एका आकड्यावर आणणे, हे कष्टाचे काम आहे. त्याचा मेहनताना त्याला मिळायलाच हवा. फक्त काम द्यावे ते पारख करून.

पहिली पारख अशी. तो आधी काय विचारतो ते पाहा. जाणता मध्यस्थ आधी कागद मागतो. मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावे आहे? बँकेचा बोजा आहे का? वडिलांच्या पश्चात वारसांची नोंद झाली का, बहिणींची संमती आहे का? दुसरा एखादा कागद न पाहताच सर्वांहून मोठा आकडा सांगतो. आपण हुरळतो. दोन महिन्यांनी तोच म्हणतो, "बाजार पडलाय हो, आता मिळेल त्यात द्या." म्हणून त्याला विचारा, गेल्या वर्षात या आळीत कोणते घर कितीला गेले? आणि त्या घरमालकाला स्वतः जाऊन भेटा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, नोंदणीकृत गृहप्रकल्पांतील सदनिका-भूखंड विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात हे काम महारेरा पाहते. गावातले जुने घर विकून देणाऱ्याकडे असा क्रमांक असेलच असे नाही. तो क्रमांक सांगत असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या. पण क्रमांक नाही म्हणून कोणी लबाड ठरत नाही, आणि आहे म्हणून साधूही ठरत नाही.

तिसरी गोष्ट, बोली कागदावर आणा. दलाली किती? सर्वसाधारणपणे शेकडा एक-दोन रुपये घेतात, पण तो आकडा बोलून ठरवायचा असतो. ती केव्हा द्यायची? खरेदीखत नोंदल्यावर, असे लिहा. मुदत किती? घेणाऱ्याकडूनही तो दलाली घेणार का? हेही विचारा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मध्यस्थाला मालकाला हिशेब द्यावा लागतो. मालकाला अंधारात ठेवून, त्याच्या नुकसानीत तो स्वतःच व्यवहार करील, तर मालकाला तो व्यवहार नाकारता येतो. पण भांडत बसण्यापेक्षा आधी लिहून घेतलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. "काका, या वयात हेलपाटे कशाला? मुखत्यारपत्र करून द्या, बाकी मी बघतो," असे कोणी गोड बोलला, तर तिथेच थांबा. गिऱ्हाईक आणायला तुमची सही लागत नाही. विक्रीचे अधिकार देणारे मुखत्यारपत्र एकदा रीतसर झाले, की त्या बळावर दुसरा माणूस तुमच्या नावाने खरेदीखतावर सही करू शकतो. लिहून दिले असेल तर पैसेही घेऊ शकतो. मध्यस्थाला काम द्या, सहीचा हक्क देऊ नका. घराचे मूळ कागदही त्याच्या हाती सोपवू नका. छायाप्रती पुरतात.

इसाराचेही तसेच. रक्कम मध्यस्थाच्या खिशात नको, थेट तुमच्या बँक खात्यात यावी. घराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. मोडली तर घेणाऱ्यालाच, म्हणजे तुम्हालाच, तेवढा दंड बसू शकतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावातली वडीलधारी माणसे असले कागद घेऊन तुमच्याकडेच येतात. सही होण्यापूर्वी तो कागद त्यांना मोठ्याने, सावकाश वाचून दाखवा. "मुखत्यार" हा शब्द आला, की त्याचा अर्थ समजावून सांगा आणि वकिलाकडे धाडा. एखाद्या म्हातारीचे छप्पर एवढ्याने वाचेल.