गळ, खडस आणि वैतरणेचे पाणी

(कुंभवली, जि. पालघर येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गळ टाकून बसणे हा आपल्याकडे बहुधा रिकामटेकड्या माणसाचा उद्योग समजला जातो. पाश्चात्य देशांत मात्र त्याभोवती एक चांगला व्यवसाय उभा राहिला आहे. डोंगराळ मुलखातील स्वच्छ नद्यांवर पाहुणे येतात. नदी जाणणारा स्थानिक वाटाड्या त्यांना डोहाडोहांवर नेतो आणि पिसे व दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकून ट्राउट मासा गळाला लावला जातो. समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत परतणाऱ्या ट्राउटला तिकडे स्टीलहेड म्हणतात. त्याच्यासाठी शौकीन लोक दूरदूरचा प्रवास करतात. पुष्कळ नद्यांवर पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याचा दंडक आहे. त्यामुळे वाटाड्याला रोजगार आणि गावाला मुक्कामाचे उत्पन्न मिळते, आणि तोच मासा पुढल्या हंगामात पुन्हा कोणाच्या तरी गळाला लागतो.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये रुजली, पुढे निलगिरीतही ट्राउट आला. कोकणच्या उष्ण पाण्यात तो जगणार नाही. परंतु त्याच्या तोडीचा, किंबहुना ताकदीने त्याहून सरस असा मासा आपल्या नद्यांत पूर्वापार आहे. तो म्हणजे महासीर. नदीकाठचे लोक त्याला खडस म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील महासीराचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याला ‘खुद्री’ हे मराठी बोलीतलेच नाव दिले. जगभरच्या शास्त्रग्रंथांत तो आजही त्याच नावाने ओळखला जातो.

कुंभवलीच्या शेजारी असलेल्या तारापूर औद्योगिक क्षेत्राला पाणी येते ते सूर्या नदीचे. सूर्या पुढे वैतरणेला मिळते. याच वैतरणेच्या काठी, वाडा तालुक्यात, तिळसे येथे महादेवाचे देवस्थान आहे. तेथील डोहातले महासीर देवाचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाही, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथेही हीच परंपरा आहे. मत्स्यशास्त्रज्ञांनी अशा डोहांना लोकांनी राखलेली मत्स्य अभयारण्ये मानले आहे, आणि ते यथार्थ आहे. सरकारी पहारा नसताना हे मासे पिढ्यान्‌पिढ्या टिकले.

पण देवाचा डोह संपला की देवाची आण संपते, ही यातील अडचण आहे. महासीर एका डोहात आयुष्य काढीत नाही. पावसाळ्यात तो पुराच्या पाण्याबरोबर वर चढतो व खडकाळ, गोट्यांच्या तळावर टप्प्याटप्प्याने अंडी घालतो. इतर कार्प माशांच्या मानाने ही अंडी थोडी असतात. नेमक्या त्याच दिवसांत, पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर, ‘चढणीचे मासे’ धरण्यासाठी सारे गाव ओढ्यावर लोटते. त्यातला आनंद कोणी नाकारणार नाही. पण पोटात अंडी असलेली एक मादी धरली, की किती पिले गेली याचा हिशेब कोणी मांडीत नाही. पावसाळ्यात समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आपल्या कोळी बांधवांना चांगला ठाऊक आहे. नदीच्या बाबतीत तसा विचार अद्याप गावोगाव रुजलेला नाही.

नष्ट होत चाललेला महासीर पुन्हा वाढविण्याचे काम महाराष्ट्रातच झाले, ही अभिमानाची गोष्ट होय. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालकपद भूषविलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्यास खुद्री महासीराचे कृत्रिम प्रजनन साधले. त्यानंतर टाटा वीज कंपन्यांच्या वळवण येथील केंद्रात श्री. एस. एन. ओगले प्रभृतींनी ते काम वाढविले. तेथील बीज देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत गेले.

मात्र त्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कावेरी नदीत पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य वाढणारा महासीर होता. १९४६ साली तिकडे धरलेला एक मासा १२० पौंडांचा भरला. तेथे पुढे गळाची शिबिरे निघाली. पूर्वी चोरटी मासेमारी करणारी माणसे वाटाडे झाली आणि मासा मारण्यापेक्षा राखण्यात त्यांना मिळकत दिसू लागली. मात्र त्या नदीत बाहेरून सोडलेला खुद्री महासीर वाढत गेला आणि मूळचा उंच पाठीचा मासा घटत गेला. ही गोष्ट उघड झाली ती गळकऱ्यांच्या वह्यांमुळे. १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महासीरांच्या नोंदी शिबिरात ठेवलेल्या होत्या. २०१८ साली त्या मूळच्या माशाची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. अभयारण्याच्या हद्दीतील गळाचा खेळही कायद्यामुळे बंद पडला, आणि त्याबरोबर नदीवरची राखणही सैल झाली, अशी तक्रार जाणकार करतात. तेव्हा वैतरणेत वा सूर्येत बीज सोडण्याचा उत्साह कोणास आलाच, तर आधी तज्ज्ञांकडून नदीतील मूळ मासा ओळखून घ्यावा. कार्यक्रमाचे छायाचित्र निघावे म्हणून बीज सोडू नये.

आणि पाण्याचे काय? तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली व जानेवारी २०२२ मध्ये त्यावर निर्णय झाला. महासीराला प्राणवायूने भरलेले, वाहते, निर्मळ पाणी लागते. ज्या नाल्याच्या वासाने माणूस नाक धरतो, त्याच्या काठी गळाचा पाहुणा येणार नाही. सूर्या व वैतरणा यांचा वरचा प्रवाह अजून हाती आहे. पण त्यांवरील धरणांतून शहरांना व कारखान्यांना पाणी जाते. उन्हाळ्यात डोहांपुरते तरी पाणी वाहते राहील, याचा आग्रह नदीकाठच्या पंचायतींनीच धरला पाहिजे.

१९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींकडे लघु जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन सोपविले आहे. मोठ्या नदीसाठी मत्स्यव्यवसाय, पाटबंधारे आणि, जेथे जंगल असेल तेथे, वन खात्याची संमती लागेल. देवाच्या डोहात तर गळ कधीच पडू नये. त्याच्या दूर खाली-वर एखादा पट्टा ठरवून, अणीला उलटा काटा नसलेला एकच गळ, ओल्या हातांनी मासा पाण्यातच धरणे, लांबी मोजून वहीत लिहिणे आणि सोडणे, एवढ्या नियमांवर प्रयोग करता येईल. पावसाळ्यात तो पट्टा पूर्ण बंद असावा. वाटाडे अर्थातच त्या नदीवर वाढलेले कातकरी, वारली, मल्हार कोळी तरुण असावेत. कोणत्या खडकाखाली पाणी किती खोल आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.

वही मात्र शाळेने ठेवावी. तिची सुरुवात पाहुण्यांची वाट न पाहता करता येते. मृगाच्या पहिल्या पावसात कोणत्या ओढ्याला कोणते मासे चढले आणि चैत्रात कोणता डोह आटला, एवढे जरी शिक्षकांनी मुलांकडून पाच वर्षे लिहून घेतले, तरी मत्स्यव्यवसाय खात्याकडे पाठविण्याच्या प्रस्तावाला ते पहिले परिशिष्ट म्हणून जोडता येईल.