फिरणारी गोळी आणि दूरचें निशाण

भोवरा जोंपर्यंत वेगानें फिरत असतो, तोंपर्यंत आरीवर ताठ उभा राहतो. गिरकी मंदावली कीं तो डोलूं लागतो आणि अखेर आडवा होतो. रायफलीची गोळीहि याच नियमाची अंकित आहे. भेद एवढाच कीं, भोवऱ्याला पृथ्वीचें आकर्षण पाडूं पाहतें, तर गोळीला समोरची हवा उलथूं पाहते.

लांबट गोळीवर हवेचा जो दाब पडतो, त्याचा जोर तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढें लागतो. त्यामुळें टोंक किंचित् तिरपें झालें, तरी हवा तें अधिकच तिरपें करूं लागते, आणि न फिरणारी गोळी कोलांट्या खाते. नळीच्या आंत कोरलेले पेंचदार चर गोळीला फिरकी देतात. मग तोच दाब तिला उलथूं शकत नाहीं; तिचें टोंक मात्र लहानशा वर्तुळांत फिरत राहतें. गोळी जितकी लांब आणि सडपातळ, तितकी ही फिरकी अधिक लागते.

या गोष्टीचा कसून शोध घेणाऱ्यांत मँचेस्टरचे यंत्रविशारद जोसेफ व्हिटवर्थ यांचें नांव अग्रगण्य आहे. स्क्रूच्या आट्यांना ठराविक माप असावें, असें १८४१ सालीं सुचविणारे ते हेच. १८५४ मध्यें ब्रिटिश सरकारनें बंदुका बनविण्याच्या यंत्रांविषयीं त्यांना विचारलें. ते म्हणाले, चांगली नळी चांगली कां ठरते, हें आधीं कळलें पाहिजे. तेव्हां सरकारी खर्चानें ५०० यार्ड लांबीची एक आच्छादित वाट बांधण्यांत आली, आणि तींत ठिकठिकाणीं पातळ कागदाचे पडदे लावण्यांत आले. गोळी सरळ गेली तर छिद्र वाटोळें पडे, तिरपी गेली तर लांबट. डोळ्यांना न दिसणारी गोळीची चाल अशा रीतीनें कागदावर उमटूं लागली.

त्या काळीं ब्रिटिश सैन्यांत १८५३ ची एन्फील्ड रायफल होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच असून ७८ इंचांत चरांचा एक वेढा पुरा होई. म्हणजे ३९ इंची नळींत गोळीला अर्धीच गिरकी मिळे. व्हिटवर्थ यांनीं व्यास ०.४५१ इंच ठेवला, नळी आंतून षट्कोनी केली आणि २० इंचांत एक वेढा दिला. दोन्ही गोळ्यांचें वजन जवळजवळ सारखेंच. पण व्हिटवर्थची गोळी अधिक लांब व बारीक झाली.

एप्रिल १८५७ मध्यें इंग्लंडांतील हाइथ येथें दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. याच एन्फील्डच्या काडतुसांवरून त्या वेळीं हिंदुस्थानांत असंतोष धुमसत होता, आणि १० मे रोजीं मेरठेस उठाव झाला. हाइथला ५०० यार्डांवर एन्फील्डची सरासरी चूक २.२४ फूट, तर व्हिटवर्थची ०.३७ फूट भरली. ११०० यार्डांवर हे आंकडे अनुक्रमें ८.०४ व २.६२ झाले. १४०० यार्डांवर एन्फील्डची एकहि गोळी निशाणास लागली नाहीं. व्हिटवर्थची चूक ४.६२ फूट होती.

या आंकड्यांत एक मर्म आहे. अंतर सव्वादोनपट झालें, तेव्हां एन्फील्डची चूक साडेतीनपटींहून अधिक वाढली, आणि व्हिटवर्थची तर सातपट! कारण गोळी जसजशी मंदावते, तसतसा वाऱ्याला तिला ढकलण्यास अधिक अवधि मिळतो. शिवाय सुटतांनाच्या वेगांतील अल्पसा फरकहि दूर गेल्यावर उंचीच्या मोठ्या फरकाचें रूप घेतो. फिरकी गोळीला सरळ ठेवते; वारा व वेग यांचे दोष ती दूर करूं शकत नाहीं. म्हणून जवळच्या निशाणावरून दूरच्या नेमाची खात्री देतां येत नाहीं.

एवढें होऊनहि सैन्यानें व्हिटवर्थची बंदूक पत्करली नाहीं. तिची किंमत फार होती, आणि बारीक नळी दारूच्या काजळीनें लवकर भरून जाई. रणांगणावर घाईनें बार भरणाऱ्या शिपायाला ही अडचण प्राणावर बेतणारी होती. तेव्हां हा निर्णय केवळ आडमुठेपणाचा म्हणतां येणार नाहीं. पण मूळ तत्त्व टिकलें. १८७९ सालीं ग्रीनहिल या गणितज्ञानें गोळीच्या लांबीवरून चरांचा पेंच ठरविण्याचें सूत्र दिलें. १८८८ मध्यें त्याच सैन्यानें ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीचा व्यास होता ०.३०३ इंच, आणि चरांचा एक वेढा अवघ्या १० इंचांत पुरा होत असे.