कुत्रा उभा करा, मग टेप लावा



तिरुवैयारु-तंजावरकडच्या मराठी घरांतली मुलं आता सिंगापूर, अमेरिकेत आहेत. आईवडील कायमचे तिकडे निघाले की व्हिसापासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं ठरतं आणि मग कुणाला तरी ओट्यावर झोपलेला कुत्रा आठवतो.

त्याला विमानातून न्यायची पेटी, म्हणजे क्रेट, घ्यायला गेलं की दुकानदार आधी वजन विचारतो. पण क्रेटचं माप वजनावरून ठरत नाही. विमान कंपन्यांची संघटना ‘आयाटा’ मापं मागते ती उभ्या कुत्र्याची: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांशी रुंदी, आणि जमिनीपासून डोकं किंवा उभे कान, जे वर असेल तिथपर्यंतची उंची. लांबीत कोपराच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, रुंदी दुप्पट करायची, डोक्याच्या उंचीत अंथरुणाची जाडी धरायची. ही क्रेटची आतली मापं.

समजा, घरात चिप्पिपाराई जातीचा कुत्रा आहे. मुधोळ हाउंडच्याच धाटणीचा, सडपातळ, लांब पायांचा. लांबी 80 सेंटीमीटर, कोपर 36, खांदे 19, डोकं 76. म्हणजे क्रेट हवा 98 लांब, 38 रुंद आणि दोन सेंटीमीटर अंथरूण धरून 78 उंच. बाजारात साधारण 102 लांब, 69 रुंद, 76 उंच असा क्रेट मिळतो. लांबी बसली, रुंदी तर ऐसपैस, पण घोडं अडलं उंचीवर! “मान जरा खाली घालेल की,” असं दुकानदार म्हणेल. त्याचं काय जातं? विमानतळावर कुत्रा ताठ उभा राहून वळू शकला नाही, तर तो तिथेच राहतो. शिवाय दुकानातली मापं बहुधा बाहेरची असतात. तेव्हा पुढचाच आकार घ्या, सुमारे 122 लांब आणि 89 उंच.

म्हणून हत्तीएवढा क्रेटही नको. विमान उतरताना कुत्रा आत घसरतो, आणि लहान विमानाच्या सामानकक्षाच्या दारातून उंच क्रेट आत जातच नाही. तिरुचीहून निघा की चेन्नईहून, प्रत्येक टप्प्यावर कोणतं विमान आहे हे कंपनीला विचारूनच पैसे मोजा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला क्रेट दहा टक्के मोठा लागतो. काही कंपन्या तर त्यांना घेतच नाहीत.

तंजावर म्हणजे वीणा घडवणाऱ्यांचं गाव, तेव्हा सुताराकडून पेटी करून घ्यायचा मोह होणारच. जरूर करा, पण परदेशी जायचं तर साधं लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं, तसा शिक्का असलेलं हवं. प्लायवूडला ही अट नाही. हवेच्या जाळ्या चारही बाजूंना ठेवायला सांगा. तयार क्रेट घेतलात, तर दार धातूचं आणि जोड नटबोल्टचे बघून घ्या, चाकं असतील तर काढून टाका.

क्रेट महिनाभर आधी आणून ओट्यावर उघडा ठेवा. कुत्रा आपणहून आत झोपायला लागला, की गुंगीच्या औषधाचा विषयच निघत नाही. तसंही ते देऊ नयेच.