बेंद्र्यांचा माळवा



ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी सर्वांत मागल्या बाकावर बसत असे. माझ्या हातून रेघ कधी सरळ आली नाही. तेव्हा चित्रकलेवर बोलण्याचा अधिकार मला नाही. मराठीच्या जुन्या अध्यापकाने एका चित्रकाराच्या घराविषयी आणि त्याच्या मुलुखाविषयी चार शब्द बोलावेत, एवढी सवलत मी आपणाकडे मागतो.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० चा, इंदूरचा. आपल्यासारख्याच संस्थानी शहरातले मराठी घर. १९३३ साली ते आग्रा विद्यापीठाचे बी.ए. झाले, आणि मुंबईची चित्रकलेची शासकीय पदविका त्यांनी १९३४ मध्ये मिळवली. हा क्रम पाहण्यासारखा आहे. आपले व्हिक्टोरिया कॉलेजही त्या काळी आग्र्यालाच जोडलेले होते; त्या बी.ए.ला मध्यमवर्गीय घरात काय मोल होते, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. ब्रश हातात धरावयाचा तर दुसऱ्या हातात पदवी असलेली बरी, असा तो काळ.

इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांची चित्रशाळा १९२७ पासून चालू होती. देवळालीकरांनी मुलांना नुसते पुतळ्यांपुढे बसवून ठेवले नाही. रंगपेटी घेऊन बाहेर पडा, उन्हात बसा, सावलीचा रंग काळा नसतो हे डोळ्यांनी पाहा, ही त्यांची रीत. मोठमोठ्या पोथ्यांतून सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ही रीत थोडी लाजवते. त्यांचे शिष्य पाहा : महेश्वरचे दे. ज. जोशी नर्मदेचे घाट रंगवीत राहिले; विष्णू चिंचाळकर पुढे वाळकी पाने आणि काटक्या यांतूनच चित्रे शोधू लागले; आणि बेंद्रे गावोगाव हिंडले. माळव्याची काळी जमीन, पळसाची झाडे, डोक्यावर ओझे घेऊन निघालेल्या बायका, गुरे. आपला मुलूख वालुकाश्माचा, चंबळेच्या घळींचा. तिकडचा ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीचा. या दोन मुलुखांवर पडणारे ऊन एकसारखे दिसत नाही, आणि ते मला फार उशिरा उमगले.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. त्याच इंदुरात बेंद्र्यांहून पाचेक वर्षांनी लहान असा एक मुलगा रंगपेटी घेऊन भटकत असे. तो मकबूल फिदा हुसेन. रस्त्याकडेला निसर्गचित्रे काढणाऱ्या बेंद्र्यांशी त्याची गाठ पडली. हुसेन यांनी पुढे सांगितले आहे की, बेंद्रे त्यांच्या घरी गेले आणि या मुलाला चित्रकार होऊ द्या, असे वडिलांना समजावून आले. वडील गिरणीत नोकरी करणारे, बेताच्या मिळकतीचे. त्यांनी मान्य केले. विशी ओलांडलेला एक तरुण, ज्याचे स्वतःचेच अजून काही स्थिर झालेले नाही, तो दुसऱ्याच्या उंबरठ्यावर जाऊन हे बोलतो! बेंद्र्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला ही घटना मोठी वाटते.

पुढचा प्रवास आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. १९३६ ते १९३९ काश्मीर, १९४५ मध्ये शांतिनिकेतन, १९४७-४८ मध्ये अमेरिका, १९५० पासून बडोदा. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांसारखे विद्यार्थी त्यांनी तेथे घडवले आणि १९६६ साली ती जागा सोडली. क्यूबिझम पाहिला, अमूर्त करून पाहिले, अखेरीस ठिपक्याठिपक्यांनी रंग मांडले. परंतु १९५५ साली राष्ट्रीय प्रदर्शनात ज्या चित्राला पारितोषिक मिळाले, ते ‘काटा’. पायात रुतलेला काटा काढणे हाच त्याचा विषय! न्यूयॉर्क पाहून आलेल्या माणसाला पायवाटेवरचा काटा आठवतो. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी ते मुंबईत निवर्तले. शेवटच्या चित्रांतही गावाकडच्या बायका आणि गुरे होतीच.

आता एक घरगुती गोष्ट. माझे वडील याच सराफा बाजारात एका पेढीवर जमाखर्च लिहीत. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, पहाटे किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊन बसत. कागद विकत घेण्याची ऐपत नव्हती. वडिलांनी टाकून दिलेल्या वह्यांची पाने ते वापरीत. वडील कधी रागावले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, “अरे, हे छान आहे, पण याचं पुढे काय?” दादांना उत्तर देता आले नाही. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो, शेजारीच बसलो होतो, आणि गप्प राहिलो. बाहेरून कोणी आमच्या दारी आले नाही. दादा कचेरीत लागले, निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी गेले. मी मात्र पस्तीस वर्षे वर्गात तांब्यांची निसर्गकविता शिकवली. घरातल्या निसर्गचित्रकाराविषयी एक अवाक्षर बोललो नाही.

त्यांच्या ट्रंकेत एक पान सापडले. ते मी आज बरोबर आणले आहे. व्याख्यानानंतर मुलांनी पुढे येऊन पाहावे. किल्ल्याचा कडा आहे, खाली धुक्यात बुडालेली दोन झाडे आहेत. पान उलटले की वडिलांच्या हातचा मोडी जमाखर्च दिसतो. झाडांच्या रंगाची ओल त्या आकड्यांपर्यंत उतरली आहे.