संकलनाची कात्री आणि आपल्या कन्या

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी यंदा एका गीताचा चार मिनिटांचा चित्रपट तयार केला. गीत त्यांचेच, चालही त्यांचीच. देखरेखीचे काम मजकडे होते. त्या दोन महिन्यांत मुले जे शिकली, ते आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला धडा पूर्वतयारीचा. अशा चित्रपटात गीत आधी मुद्रित करावे लागते. मग तेच ध्वनिवर्धकावर लावून गाणाऱ्याने त्याबरोबर ओठ हलवावयाचे. प्रत्येक तुकडा घेताना गीत दोनचार ओळी आधीपासून लावावे, म्हणजे गाणारा तालात येतो. कॅमेऱ्यानेही तो आवाज टिपून ठेवावा. पुढे मूळ गीताशी चित्र जुळविण्यास तोच आधार होतो.

दुसरा धडा प्रकाशाचा. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. म्हणून सेकंदास २५ चित्रे घ्यावीत व प्रत्येक चित्रास १/५० सेकंद प्रकाश द्यावा, म्हणजे ट्यूबलाइटची लुकलुक चित्रात उतरत नाही.

तिसरा धडा संकलनाचा, आणि तोच सर्वांत कठीण. दोन तासांच्या चित्रणातून चार मिनिटे निवडणे म्हणजे तीस भागांपैकी एकोणतीस भाग टाकून देणे. देणगीदारांच्या आगमनाचे दृश्य देखणे होते. परंतु त्याने गीताचा अर्थ पुढे सरकत नव्हता. आपल्याच एका विद्यार्थिनीने ते वगळले. काही वडीलधाऱ्यांनी नाराजी दर्शविली. तिने वाद घातला नाही. त्या दृश्यासह एक व त्याविना एक, अशा दोन्ही प्रती तिने त्यांस दाखविल्या. त्यांनी स्वतःच दुसरी पसंत केली.

आता मुख्य विनंती. ह्या मुलीस संकलनाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे. पुण्यास प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेत ते मिळते. परंतु ‘हे काम मुलींचे नव्हे’ असे घरी म्हटले जाते. बंधूंनो, १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण स्त्री नटी मिळेना. तथापि त्याच चित्रपटाच्या कोऱ्या फितीस छिद्रे पाडण्याचे व ती रसायनांत धुण्याचे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळीत. ज्या कलेचा पाया घालताना आपल्याकडील स्त्रीचे हात राबले, ती कला स्त्रीस परकी कशी म्हणावी?

आपल्या संस्थेची शिष्यवृत्ती आज वैद्यकी व अभियांत्रिकीपुरतीच आहे. तो नियम यंदाच्या सभेने विस्तृत करावा, आणि मुलीच्या मातापितरांशी चार वडीलधाऱ्यांनी बोलावे, एवढीच प्रार्थना. टाळ्यांनी कौतुक झाले. आता साहाय्य व्हावे.