हातोडी आणि जवारी

इंदूरच्या होळकर दरबाराने बंदे अली खाँ यांच्यासारख्या बीनकाराला आश्रय दिला. पुढे त्याच दरबारी शाहमीर खाँ सारंगी आणि बीन वाजवीत असत, आणि त्यांचे पुत्र अमीर खाँ यांनी तर एका संपूर्ण गायकीला ह्या शहराचे नाव मिळवून दिले. अशा शहरात 'जवारी' म्हणजे काय हे फारसे समजावून सांगावे लागत नाही. तारा नव्या आहेत, सूर तंतोतंत लागला आहे, आणि तरीही तंबोरा मुका वाटतो. मग जाणकाराची नजर प्रथम घोडीकडे जाते. सूर लावणे निराळे आणि वाद्याचा आवाज लावणे निराळे, हा भेद भारतीय संगीताच्या श्रोत्याच्या कानात मुरलेला आहे.

पियानोसारख्या परदेशी वाद्यातही हाच भेद असतो, आणि जुन्या पियानोची दुरुस्ती करताना त्याची खरी कसोटी लागते. पियानोची पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी उसळते, तारेवर आदळते आणि तत्क्षणी मागे येते. वाद्याला पट्ट्या ८८, हातोड्याही ८८ आणि तारा सुमारे २३०. इ. स. १७००च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य प्रथम घडविले, तेव्हा हातोडीवर चामडे असे. १८२६ साली पॅरिसच्या पाप ह्या कारागिराने चामड्याऐवजी लोकरीच्या नमद्याचा उपयोग सुरू केला, आणि पुढे तोच रूढ झाला.

वर्षानुवर्षे तारेवर आदळून ह्या नमद्यावर खोल चरे पडतात. लोकर दडपून कठीण होते आणि आवाजातला गोडवा जाऊन पत्र्यावर ठोकल्यासारखा कर्कशपणा येतो. वरचा थर हलक्या हाताने घासून हातोडीला मूळचा गोल आकार देता येतो. परंतु नमदा फारच पातळ झाला म्हणजे नव्या हातोड्या बसविण्यावाचून गत्यंतर नसते. येथेच निवडीचा प्रश्न उभा राहतो. नवी हातोडी जुनीहून जड असेल तर पट्टी बोटाला जड लागते आणि वादकाचा हात लवकर थकतो. फार हलकी असेल तर खर्जातला आवाज पोकळ होतो. एकोणिसाव्या शतकातील पियानोंच्या हातोड्या बहुधा लहान आणि हलक्या असत. त्या वाद्यांवर आजच्या मोठ्या हातोड्या चढविल्या तर आवाज वाढतो खरा, पण जुन्या वाद्याचा स्वभाव हरपतो. म्हणून शहाणा कारागीर जुन्या हातोड्यांचे वजन, माप आणि कोन आधी टिपून ठेवतो. खर्ज, मध्य आणि तार अशा तिन्ही भागांत नमुन्यादाखल एकदोन हातोड्या बसवून तो ऐकतो, आणि मगच पुरा संच पसंत करतो. हातोडी तारेच्या नेमक्या कोणत्या जागी आदळते, यालाही मोठे महत्त्व आहे. वरच्या स्वरांत ती जागा केसभर सरकली तरी स्वर क्षीण होतो.

हातोड्या बसल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. प्रथम तारा सुरात लावायच्या, पट्ट्यांची चाल एकसारखी करायची, आणि हातोडी आपल्या स्वराच्या तिन्ही तारांना एकाच क्षणी भिडते की नाही हे पाहायचे. त्यानंतर आवाज लावण्याचे काम. स्वर टोचत असेल तर हातोडीच्या दोन्ही खांद्यांत बारीक सुया खुपसून नमदा सैल करतात. जो माथा तारेला भिडतो, त्याला सहसा हात लावीत नाहीत. स्वर मंद असेल तर नमद्याला पातळ रोगण पाजून तो थोडा कठीण करतात. मग तो स्वर हळू, मध्यम आणि जोरात असा तिन्ही प्रकारे वाजवून शेजारच्या स्वरांशी ताडून पाहायचा. हा क्रम ८८ वेळा, आणि पुष्कळदा पुनःपुन्हा.

इतक्या अल्प फरकाने आवाज का पालटतो, याचे उत्तर शास्त्राजवळ आहे. मऊ हातोडी तारेला अधिक वेळ चिकटून राहते, आणि त्या सूक्ष्म अवधीत तारेचे वरचे उपस्वर दबले जातात. कठीण हातोडी चटकन सुटते, म्हणून ते उपस्वर झणकतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बॅनर्जी ह्या सहकाऱ्यासह १९२० साली पियानोच्या हातोडीच्या आघातावर संशोधन प्रसिद्ध केले, आणि लगेच १९२१ साली त्यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा विचार मांडला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू असतो, तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम होता. तंबोऱ्यात मात्र असे उपस्वरही स्पष्ट उमटतात, आणि त्याचे कारण त्या रुंद, किंचित वक्र घोडीत आहे, असे रामन यांनी दाखवून दिले. हातोडी आणि घोडी ह्या दोन्ही जागी तारेला भिडणारा पृष्ठभागच आवाजाचे रूप ठरवितो.

म्हणूनच मिरजेचा कारागीर घोडीवर जे करतो, ते पियानोच्या कारागिराला परके वाटणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या लौकिकाच्या मागे भोपळ्याची आणि लाकडाची पारख जशी आहे, तशीच जवारी काढणारी कानसही आहे. तारांच्या घर्षणाने घोडीवरही चरे पडतात. ती घासून पुन्हा सारखी करतात, आणि फारच झिजली तर बदलतात. तार व घोडी यांमध्ये सरकविलेला सुताचा धागा अखेरचा सूक्ष्म फरक साधतो.

ह्या दोन्ही कामांत एकच धोका आहे. नमदा किंवा घोडी एकदा अधिक घासली गेली म्हणजे गेलेला भाग परत येत नाही. नमद्यात सुई अधिक खोल गेली तर लोकरीची उसळी कायमची जाते. त्यातच चढा, झगझगीत आवाज म्हणजे उत्तम आवाज, असा एक गैरसमज असतो, आणि मालक घाई करतो. वास्तविक लोकर आणि लाकूड हवेतील ओल पितात. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जो स्वर टोचतो, तोच श्रावणात मवाळ होतो. म्हणून इंदूरसारख्या ठिकाणी एका ऋतूतील परीक्षेवर अखेरचा हात फिरवू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा.

ज्याच्या घरी जुने वाद्य आहे त्याने दुरुस्तीला देताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. काढलेले जुने भाग क्रमांक घालून जपून ठेवावेत, कारण मूळ आवाजाचा तोच पुरावा असतो. आणि कारागिराला केवळ 'नवे करा' असे न सांगता, त्या वाद्याचा कोणता आवाज परत हवा आहे, ते त्याच्या शेजारी बसून, वाजवून सांगावे.